पळसाखालचा एकांत

एकट्या माणसाला निसर्गासारखा सोबती नाही, हे शिवशंकर सर कळमनुरीच्या कॉलेजात इंग्रजी कविता शिकवताना वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले. बायको मंजुषा लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि तिकडंच रमली, तेव्हा सर स्वतः तो सोबती शोधायला निघाले. माळावर फुललेला पळस सापडला. रोज संध्याकाळी त्याखाली बसून त्यांनी मन मोकळं सोडून पाहिलं. मुंग्या चावल्या.

मोठेपणानं त्यांनी ते झाड कॉमर्सच्या वैजनाथ सरांना सुचवलं. त्यांचीही बायको नोकरीपायी परगावी. आठवड्यात वैजनाथ सरांच्या तोंडावर तजेला आला.

"काय जागा दाखवलीत राव! एकटेपणा पार पळाला. घोरत झोपून राहिलो."

शिवशंकर सरांनी चहाचा कप बशीत आपटला. ज्यानं आयुष्यात ताळेबंदापलीकडं काही वाचलं नाही, त्याला निसर्ग जवळ घेतो? आणि आपल्याला मुंग्या? झाड इतकं फितूर असावं!

आपण मावळतीला उठतो, हा त्यानंतर जातो. म्हणजे पळस याच्यासाठी काहीतरी राखून ठेवतो. त्या दिवशी सर अंधार पडला तरी बांधाआड दबा धरून बसले.

वैजनाथ सर आले. पळसाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ पलीकडं तांड्यावरच्या नेमसिंगच्या वावरात शिरले. तिथं आगटीत ज्वारीची कणसं भाजत होती.

"खा भाऊजी, कालच्यावानी लाजू नका," नेमसिंगची बायको मिराबाई हुरडा चोळत म्हणाली. सगळे हसले.

शिवशंकर सर ताडकन उठले. "नेमसिंग, मी इतके दिवस इथं बसतोय. मला काहून नाही बोलावलं?"

"बलावलं की सर, पयल्याच दिवशी! तुमी हात वर करून म्हनले, मला एकांत पायजे. मिरा म्हने, सरायच्या एकांतात शिरू नका."

"बसा हो आता," वैजनाथ सर भरल्या तोंडानं म्हणाले. "गरम आहे."

त्यांच्या मिशीला हुरडा चिकटला होता. तो पाहून शिवशंकर सरांनी तोंड फिरवलं.

"मी जेवून आलोय," म्हणत ते उपाशीपोटी घरी गेले.

आठवडाभर अडून बसले आणि मग शेंगदाण्याची चटणी डब्यात घेऊन ते उन्हातच वावरात हजर झाले. आगटी विझलेली होती. हुरडा संपून ज्वारी निबर झाली होती.