लिफ्ट बंद, प्रतिमा स्थिर

मी लॅपटॉप बोलतोय, आणि जे सांगणार आहे ते सहा वर्षं पोटात ठेवलंय. माझा पंखा खरखरतो, चार्जर काढला की चार मिनिटांत मी डोळे मिटतो, स्पेसचं बटण दोनदा दाबावं लागतं. पण लक्षात सगळं आहे. माझ्यासारख्याची तीच तर पंचाईत.

माझी पहिली नोकरी एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर. कुठली बस किती वाजता येणार, हे लोकांना सांगायचं. बस उशिरा आली की लोक माझ्याकडे डोळे वटारून बघायचे, जसा काही मीच वाटेत चहाला थांबलो होतो. पुढे तिथे नवे लॅपटॉप आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथली लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी मला पाहिलं, मालकाला विचारलं आणि पक्कड-पान्यांच्या पिशवीत घालून घरी नेलं. माझ्या एंटरच्या बटणावर ग्रीसचा जो ठसा आहे, तो त्याच दिवशीचा.

मिस्त्री सातव्या मजल्यावर राहायचे. वर गच्ची, गच्चीवर लिफ्टच्या मोटरची खोली आणि तिची किल्ली मिस्त्रींच्या कमरेला. दिवसभर अंधाऱ्या जागी मान वर करून काम करणारा हा माणूस संध्याकाळीही मान वर करूनच उभा राहायचा. स्वतःच्या हातानं जुळवलेली दुर्बीण होती त्यांची. लोकांना चंद्र बघायचा असतो, शनीची कडी बघायची असतात. मिस्त्रींना वेड होतं दगडांचं, पृथ्वीच्या जवळून जाणाऱ्या लघुग्रहांचं. चंद्र काय, उद्याही आहे, म्हणायचे. दगड एकदा गेला की गेला.

त्यांनी माझ्यात आकाशाचं वेळापत्रक मांडणारं सॉफ्टवेअर घातलं. म्हणजे माझं काम जुनंच, फक्त प्रवासी बदलले. इंटरनेटवरून दगडाच्या कक्षेचे ताजे आकडे घ्यायचे, गच्चीची नेमकी जागा भरायची, घड्याळ सेकंदाला लावायचं. मग मी नकाशा काढून द्यायचो: अमुक वाजता या ताऱ्याजवळ, पाच मिनिटांनी त्या. दुर्बिणीतून दगड ताऱ्यासारखाच बारीक ठिपका दिसतो, पण तो सरकतो. त्याच्या मागे धावायचं नसतं, मिस्त्री सांगायचे. तो जिथे येणार तिथे आधीच दुर्बीण लावायची आणि गप थांबायचं, तो आपणहून समोरून जातो.

बाई, म्हणजे मिस्त्रींची बायको, या दगडांना 'तुमची पाहुणेमंडळी' म्हणायच्या. थर्मासमध्ये चहा भरून, नवऱ्याचाच जुना स्वेटर अंगात अडकवून वर यायच्या. मिस्त्री हौसेनं त्यांना दुर्बिणीला डोळा लावायला सांगायचे, दिसला का विचारायचे. बाई लगेच म्हणायच्या, "हो, दिसला." त्यांना कधी काहीही दिसलं नाही. मुलीशी फोनवर हसत हसत हे सांगताना मी त्यांना ऐकलंय. म्हणायच्या, एवढं जीव तोडून दाखवतात, नाही कसं म्हणू?

अडचण एकच होती. लिफ्टची मोटर सुरू झाली की गच्ची थरथरायची आणि दुर्बिणीतला तारा गांडुळासारखा वळवळायचा. मिस्त्रींनी त्यावर आपल्यापुरता उपाय काढला. पाहुणा यायच्या वेळी ते वरून लिफ्ट बंद करायचे आणि खाली बोर्ड लावून ठेवायचे, 'काम चालू आहे, लिफ्ट बंद'. वीस मिनिटांचा प्रश्न. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दर वेळी तक्रार लिहायचे, की मिस्त्री राहतो त्याच इमारतीची लिफ्ट सगळ्यात जास्त कशी बिघडते? मिस्त्री मिशीत हसायचे. मीही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. महिनाभर वाट पाहिलेला दगड येणार होता आणि मीच वेळ सांगितली होती, सात वाजून एकोणीस. मिस्त्री प्रत्येक गोष्टीची नोंद माझ्यात करत. पहिली नोंद आहे: '६.५८. लिफ्ट बंद. प्रतिमा स्थिर.' दुसरी: '७.०६. हिचा फोन.'

तो फोन मी ऐकला. मिस्त्रींचे हात दुर्बिणीवर होते, म्हणून फोन माझ्याशेजारी स्पीकरवर ठेवला होता. बाई खालून बोलत होत्या. बाजारातून परत आल्या होत्या, थर्मास भरून घेतला होता.

"बोर्ड लावलाय. तुमचाच ना?"

"वीस मिनिटं थांब, मग चालू करतो."

"थांबते कशाला? येते हळूहळू चढत. चहा गार होईल."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

तिसरी नोंद आहे: '७.१९. दिसला!' त्यानंतरचं पान कोरं आहे.

नकाशाप्रमाणे पुढच्या पुढच्या ताऱ्यापाशी दुर्बीण लावत, दगड नजरेआड होईपर्यंत बारा मिनिटं गेली. मग मिस्त्रींना आठवलं की ही अजून आली नाही. त्यांनी लिफ्ट सुरू केली आणि बाईंना आणायला लिफ्टनंच खाली गेले. खाली कोणी नाही. लिफ्टनंच वर आले. मग जिना उतरायला लागले. बाई पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या, भिंतीला डोकं टेकून. लिफ्ट त्यांच्या शेजारून दोनदा गेली. थर्मास बाजूला सरळ उभा होता आणि चहा अजून गरम होता, असं नंतर लोक बोलताना मी ऐकलं.

हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले. मिस्त्रींनी सगळ्यांना सांगितलं, लिफ्ट बिघडली होती. मुलगी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. ती आली, रडली, म्हणाली, दुसऱ्यांच्या लिफ्टी दुरुस्त करता करता आपलीच कशी राहिली, बाबा? मिस्त्री खाली मान घालून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना तसं पाहिलं.

त्या आठवड्यात एकदा त्यांनी मला उघडलं. त्या तीन ओळी निवडल्या. मी विचारलं, 'खरंच पुसायचं?' आम्हाला तेवढंच विचारता येतं. त्यांचं बोट खूप वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी 'नाही' दाबलं, झाकण लावलं आणि मला कपाटात ठेवलं.

बंद असलो म्हणजे मी बहिरा नसतो. आमचं कपाट लिफ्टच्या भिंतीला लागून आहे. तेव्हापासून रोज सव्वासात-साडेसातच्या सुमारास लिफ्ट आपोआप सातव्या मजल्यावर येते. दार उघडतं. कोणी उतरत नाही. दार मिटतं. कारण साधं आहे आणि मिस्त्रींना ठाऊक आहे. सातव्या मजल्याचं बटण संध्याकाळी गार झालं की आपोआप आत टेकतं आणि लिफ्टला वर बोलावतं. दहा मिनिटांचं काम. गावभरच्या लिफ्टी नीट करणाऱ्या माणसानं ते बटण सहा वर्षं तसंच ठेवलंय. दार उघडल्याचा आवाज आला की घरात खुर्ची सरकते, पावलं दारापर्यंत जातात आणि परत येतात. अंगावर काटा येतो हो, माझ्यासारख्या पत्र्याच्यासुद्धा.

गेल्या महिन्यात मुलीनं आईचे फोटो मागितले. ते माझ्यातच होते. मिस्त्रींना नाही म्हणवेना. तिनं मला आपल्या घरी नेलं, चार्जर लावला, आणि मी सहा वर्षांनी जागा झालो. जागा झाल्यावर मी जे करतो तेच केलं. ताजे आकडे घेतले आणि पडद्यावर सूचना टाकली: 'पाहुणा परत येतोय. उद्या, ७.२४.' ती त्यावर क्लिक करून नोंदीत शिरली. मी थांबवू शकलो असतो का? एरवी मी दिवसातून तीनदा अडकतो. त्या दिवशी नेमका अडकलो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला काखेत धरून आली. लिफ्टनं नाही, जिना चढून. पाचव्या-सहाव्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली. मला तिच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. वर जाऊन तिनं मला टेबलावर चार्जर लावून उघडलं आणि ते पान मिस्त्रींसमोर फिरवलं.

"बोर्ड तुम्ही लावला होता?"

"हो."

"आईला ठाऊक होतं?"

"ती म्हणाली, चढत येते. मी बरं म्हणालो." मिस्त्रींनी '७.०६' वर बोट ठेवलं. "थांब म्हणून ओरडायला हवं होतं. बरं म्हणालो."

मला वाटलं, मुलगी आता उठून जाईल. मग तिनं माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, तोच दगड का? मिस्त्रींनी मान डोलावली.

"मग दुर्बीण काढा," ती म्हणाली.

गच्चीवर मिस्त्रींनी माझा चार्जर मोटरच्या खोलीतल्या प्लगला लावला आणि दुर्बिणीवरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली. माझ्या नकाशावर बघून दगडाच्या वाटेवर पुढे जाऊन दुर्बीण लावली. सव्वासात झाले आणि सवयीनं त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. मुलीनं ते पाहिलं. मिस्त्रींनी किल्ली काढली आणि माझ्या बटणांवर ठेवून दिली.

"चालू राहू दे," म्हणाले.

मुलगी डोळा लावून थांबली. सात तेवीसला मोटर घरघरली. गच्ची थरथरली. कोणी बोलावल्याशिवाय लिफ्ट वर यायला लागली होती. तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्या-सहाव्याच्या मध्ये ती नेहमीपेक्षा हळू गेली, असं मला वाटलं. मिस्त्रींनी कदाचित मोजलं नसेल, मी मोजत होतो. सातव्यावर थांबली. दार उघडलं. दोघांच्याही माना जिन्याच्या दाराकडे वळल्या. दगड त्या वेळी दुर्बिणीसमोरून जात होता, माझ्या नकाशावर मला दिसत होतं, आणि गच्चीवर त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. खाली दार मिटलं. मुलीनं पुन्हा डोळा लावला, पण तोवर उशीर झाला होता.

"दिसला का?" मिस्त्रींनी विचारलं.

डोळा न काढताच ती म्हणाली, "हो, दिसला."

मिस्त्री हसले आणि मग ओंजळीत तोंड घेऊन रडले. "तुझी आई पण असंच म्हणायची," म्हणाले. "मला कळायचं गं."

तिनं बापाला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पण ती रात्री राहिली. आणि सहा वर्षांच्या कोऱ्या पानावर मिस्त्रींनी नोंद लिहिली: '७.२४. लिफ्ट चालू. प्रतिमा हलते आहे.'

आता मी पुन्हा त्यांच्या टेबलावर असतो, झाकण उघडं ठेवून. दगडाची पुढची फेरी बावीस वर्षांनी आहे. तोवर माझं भंगार झालेलं असेल आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची आहे. लिफ्ट रोज संध्याकाळी रिकामी वर जाते, ते बटण आठ दिवसांत दुरुस्त व्हावं, असा अर्ज त्यांनी दिलाय. तो अर्ज माझ्या शेजारीच पडलाय, वर मिस्त्रींनी पान्याचं वजन ठेवलंय.

मिस्त्रींशी मला बोलता आलं असतं तर एवढंच म्हणालो असतो. मिस्त्री, पान्याला हात लावू नका. सव्वासात व्हायला आलेत.