पासो ओन्दोवरचे पाणी

त्या सकाळी कासिल्दा धुण्याचे गाठोडे डोक्यावर घेऊन नदीवर उतरली, तेव्हा तिचा दगड पाण्याखाली गेलेला होता. शेजारचा बेनिग्नाचाही. चाग्रेस नदीला पूर नवा नव्हता. पावसाळ्यात एका रात्रीत ती काठावरच्या फांद्यांना जाऊन भिडायची. पण पुराचे पाणी गढूळ असते, आवाज करत येते आणि येते तसे निघूनही जाते. हे पाणी नितळ होते. हलत नव्हते. गुडघाभर खाली दोन्ही दगड स्वच्छ दिसत होते आणि त्यांच्या गुळगुळीत पाठीवरून बोटभर मासे फिरत होते.

"आलं मग ते," बेनिग्ना म्हणाली.

कासिल्दा वरच्या अंगाला गेली, चिखलात बसून कसेबसे धुणे उरकले आणि अमेरिकन साहेबांचे सदरे त्या दिवशी जरा मळकटच वाळत घातले.

पासो ओन्दोत प्रत्येक बाईचा आपला दगड असायचा. तो आईकडून मुलीकडे यायचा. बेनिग्ना लग्न होऊन गावात आली ती पहिल्याच दिवशी नेमकी कासिल्दाच्या दगडावर जाऊन बसली. दोघींची अशी जुंपली की एकीचा परकर वाहून गेला. तो पकडायला दोघीही पाण्यात धावल्या, दोघीही पडल्या, आणि तिथून जी मैत्री झाली ती कायमची. दुपारी कपडे वाळेपर्यंत बायका झाडाखाली बसायच्या. कोणाच्या भांड्यात नारळाच्या दुधातला तुरीच्या दाण्यांचा भात असायचा, कोणाकडे भाजलेली केळी. मग वळणापलीकडून शंखाचा आवाज यायचा. केळी भरलेल्या होड्या येत असल्याची ती खूण होती. प्रत्येक नावाड्याची फुंकायची तऱ्हा वेगळी. कासिल्दाच्या नवऱ्याचा, एवारिस्तोचा शंख शेवटी थोडा चिरकायचा, आणि मग सगळ्या बायका तिच्याकडे बघून हसायच्या. लग्न होऊन इतकी वर्षे झाली तरी तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

एवारिस्तो तापाने गेला त्याच्या आदल्या वर्षी गावावरचा झेंडा बदलला. कोलंबियाचा उतरला, पनामाचा चढला. समुद्रात अमेरिकेच्या लढाऊ बोटी येऊन उभ्या होत्या म्हणून फारशी लढाई झालीच नाही, असे रेल्वेवरचे लोक सांगत. मग थोड्याच दिवसांत कळले की कालव्यासाठी दहा मैल रुंदीची एक पट्टी अमेरिकेला देऊन टाकली आहे, आणि पासो ओन्दो त्या पट्टीत आहे. त्या करारावर पनामाच्या वतीने सही केली होती ती म्हणे एका फ्रेंच माणसाने. एवारिस्तोने अल्काल्देला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, भर चौकात विचारले होते की आपण आपले घर विकले कधी. लोक पोट धरून हसले होते. अल्काल्देही हसला होता.

त्यात भीती वाटण्यासारखे कोणाला काही दिसले नाही. कासिल्दा तरुण असताना फ्रेंचही कालवा खणायला आले होते. त्यांची यंत्रे जंगलात गंजून पडली होती आणि त्यांच्या धुराड्यांतून झाडे वर आली होती. फ्रेंच गेले तसे हेही जातील, असे सगळे गाव म्हणे. पण हे गेले नाहीत. यांनी डबक्यांत तेल ओतले, डास मारले, तापाची साथ हटवली. पगाराच्या नाण्यांवरून पोस्टात आणि दुकानांत दोन रांगा केल्या, गोऱ्यांसाठी सोन्याची आणि बाकीच्यांसाठी चांदीची. कासिल्दाचा एकुलता एक मुलगा निकानोर त्यांच्या तेल ओतणाऱ्या टोळीत लागला आणि चांदीच्या रांगेत उभा राहू लागला.

त्या टोळीचा साहेब हास्केल नावाचा होता. उंच, लालबुंद मानेचा, मोडकेतोडके स्पॅनिश बोलणारा. कासिल्दाच त्याचे कपडे धुवायची. तो स्वतः येऊन कपडे घेऊन जायचा, दारातल्या पिंपात अळ्या आहेत का ते बघायचा, आणि तिने दिलेली कॉफी उभ्यानेच प्यायचा. खाली गातूनला धरण बांधतायत, नदी अडेल, इथे मोठा तलाव होईल, त्यातून जहाजे जातील, हे तिला पहिल्यांदा त्यानेच नीट समजावून सांगितले.

"सगळ्या जगासाठी आहे हे, सेन्योरा," तो म्हणाला.

"ते जग कधी आलं होतं का आमच्या गावी?"

"येईल ना. इथूनच जाईल. बोटीतून."

"म्हणजे आमच्या डोक्यावरून," कासिल्दा म्हणाली. हास्केलने कप खाली ठेवला. त्याला राग आला नव्हता. तो पुन्हा पिंपात वाकून अळ्या शोधू लागला.

दगड बुडाले त्यानंतर गाव भराभर रिकामे झाले. रेल्वेने उघडे डबे दिले होते. लोकांनी त्यांत खाटा, कोंबड्या, दारांच्या फळ्या आणि देवळातली संताची मूर्ती चढवली. संताला मध्ये बसवून त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. काहीजण गेले आणि दोन आठवड्यांनी परत आले; नवी जागा उघड्या टेकडीवर होती, तिथे ना सावली ना नदी. अशांनी परत फिरू नये म्हणून वरून हुकूम आला, रिकामी घरे जाळून टाका. ते काम निकानोरच्या टोळीकडे आले.

कासिल्दा अजून हलली नव्हती. निकानोर एका संध्याकाळी आला, जेवायला बसला आणि ताटातला घास नुसता फिरवत राहिला.

"आई, सोमवारी आपली आळी आहे."

"आळी आहे म्हणजे?"

"जाळायची."

कासिल्दाने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. मग विचारले, "तू नाही म्हणालास?"

"म्हणालो. साहेब म्हणाला, बरं, दुसऱ्या कोणाला पाठवतो. बार्बेडोसहून आलेली पोरं आहेत, ती येतील. मी म्हटलं, नको. परक्याने लाथ मारून दार पाडण्यापेक्षा मीच करतो."

हा तिचा मुलगा कोंबडी कापायची वेळ आली की परसात निघून जायचा. तो सोमवारी काडी लावेल, हे तिला दिसत होते. आणि त्यानंतर तो कसा जगेल, हेही.

"जेव आता," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी कासिल्दाने घर आवरायला घेतले. सामान आधीच बाहेर काढून झाडाखाली ठेवले होते. तिने कोपरे झाडले, छपराची जळमटे काढली, मातीच्या जमिनीवर पाणी शिंपडले. बेनिग्नाची गाडी दुपारची होती. ती निरोप घ्यायला आली आणि दारातच थबकली.

"अगं, जे जळणारच आहे ते झाडतेस कशाला?"

"आईच्या हातचं घर आहे," कासिल्दा म्हणाली. "असं पारोसं कसं जाऊ देऊ."

बेनिग्नाही आत आली, दुसरा झाडू घेतला आणि चुलीजवळची राख भरू लागली. दोघींनी मिळून उंबऱ्यापर्यंत सगळे लख्ख केले. मग कासिल्दाने चुलीतला पेटता ओंडका उचलला, बाहेर येऊन दार ओढून घेतले आणि हात उंच करून तो छपराच्या कडेला धरला. आधी नुसता धूर झाला. ताडाची वाळलेली पाने एकदम पेटली तेव्हा बेनिग्नाने तिला दंड धरून मागे ओढले.

टोळी गल्लीत शिरली तेव्हा छप्पर कोसळत होते. निकानोर सगळ्यांच्या पुढे होता, हातात रॉकेलचा डबा. तो जागच्या जागी थांबला. मागून आलेल्या हास्केलने डोक्यावरची टोपी काढली आणि बाकीच्यांना पुढच्या आळीकडे जायची खूण केली.

"हे काय केलंस, आई?"

"हे तुझ्या हातून नको व्हायला," कासिल्दा म्हणाली. "ठेव तो डबा खाली. खाट उचलायला मदत कर."

त्यावर ते दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत.

टेकडीवरच्या नव्या वस्तीत नळ होता. बायका लाकडी टबात, आपापल्या दारात, एकेकट्या धुणे धुवायच्या. निकानोरने अमेरिकनांचे काम सोडले. काही वर्षांनी त्याने एक जुनी लाँच मिळवली आणि तलावाकाठच्या वस्त्यांवरची केळी अन् माणसे गातूनच्या स्टेशनापर्यंत नेऊ लागला. कासिल्दा त्या लाँचमध्ये कधी बसली नाही. कुठे जायचे झाले तर ती रेल्वेने जायची, आणि रेल्वे तलावाजवळ आली की दुसऱ्या बाजूच्या खिडकीला सरकायची. लोक म्हणत, म्हातारीला पाण्याची भीती बसली आहे. जन्म नदीत गेलेल्या बाईबद्दल हे ऐकून तिला हसू यायचे, पण ती खोडून काढत नसे.

मग बेनिग्नाचा निरोप आला. ती मुलीकडे तलावापलीकडच्या वस्तीत राहायची. फार दिवस काढणार नाही, कासिल्दाला एकदा बघायचे आहे, असे तिने सांगून पाठवले होते. त्या वस्तीला रेल्वे जात नव्हती.

निकानोरने आईला हात धरून लाँचमध्ये घेतले आणि सावलीत, आपल्या जवळ बसवले. त्याच्या कानशिलावरचे केस आता पांढरे झाले होते. बाकी उतारू तरुण होते. एक कापडाचा व्यापारी होता, त्याला पलीकडच्या वस्तीत लवकर पोचायचे होते. तलाव शांत होता. पाण्यातून मेलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. दूर एक पांढरे जहाज हळूहळू सरकत होते. त्याच्या कठड्याशी माणसे उभी दिसत होती.

लाँच सरळ चालली होती. मग मोकळ्या पाण्यात, जिथे एकही झाड नव्हते की बेट नव्हते, तिथे निकानोरने चाक फिरवले. लाँच डावीकडे वळली आणि मोठा वळसा घेऊ लागली.

"अहो, सरळ चला की," व्यापारी म्हणाला. "इकडून कुठे निघालात? ती वस्ती समोर दिसतेय."

"इथे खाली खडक आहे," निकानोर म्हणाला. त्याने मागे वळून पाहिले नाही.

"खडक? मघाशी दोन होड्या त्याच जागेवरून सरळ गेल्या की."

कासिल्दाने मान वर केली. तिने पलीकडच्या टेकड्या पाहिल्या, त्यांची दुहेरी पाठ, मधली खिंड. त्या बुटक्या झाल्या होत्या, पण त्याच होत्या. त्यांच्यावरून तिने अंदाज घेत घेत नजर खाली पाण्यापर्यंत आणली. देऊळ तिथे असणार, चौक तिथे. आणि देवळाच्या मागे, लाँच जिला वळसा घालत होती ती जागा कुठली, हे तिच्या ध्यानात आले. गावाने कोंबड्या नेल्या होत्या, दारे नेली होती, संताला नेले होते. कबरी नेता आल्या नव्हत्या. तिची आई तिथे होती. एवारिस्तो तिथे होता.

निकानोर चाक धरून समोर बघत होता. इतकी वर्षे, रोज जाता-येता, तो असाच वळत आला असणार.

व्यापारी अजून कुरकुरत होता. इंधन फुकट जाते, वेळ जातो, या भागाचे नकाशे त्याने पाहिले आहेत, खडक-बिडक काही नाही.

"आहे," कासिल्दा त्याला म्हणाली. "मी पाहिलाय."

लाँचने वळसा पुरा केला आणि ती पुन्हा सरळ वाटेला लागली.