मोठ्या आकड्यांचा मीटर

एस्पानोलाच्या खोऱ्यात माणसं गाडी नुसती चालवत नाहीत, नटवतात. त्या नटवण्यातलं एक काम ओर्लिंडा आर्चुलेटाचं होतं. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डमधले काटेवाले मीटर काढून ती त्या जागी नवे, झगमगत्या आकड्यांचे मीटर बसवायची. एके सकाळी तिचे वडील सेलेडोनियो आपला लाल पिकअप घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहिले.

"याचाही मीटर बदल," ते म्हणाले.

ओर्लिंडाला हसू आलं. "बाबा, असला मीटर म्हणजे जुगाराचा अड्डा, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"म्हणालो असेन. आता काटा दिसत नाही नीट. चांगले ठळक आकडे बसव."

"डोळे दाखवलेत का कुणाला?"

"तू मीटर बघ. डोळ्यांचं मी बघतो."

म्हाताऱ्याची घाई कशासाठी, हे तिला ठाऊक होतं. आई, एउफेलिया, गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होती. स्मृती गेलेली. नवऱ्यालाही ती ओळखत नव्हती, पण निळ्या मक्याची आंबील खायची ती त्यांच्याच हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. म्हणून सेलेडोनियो रोज दुपारी डबा घेऊन तिकडे जायचे.

ओर्लिंडानं हातातली कामं बाजूला सारली. जुना मीटर उपसला, गिअरबॉक्सला सेन्सर जोडला, तारा नव्यानं ओढल्या. जुन्या भोकात चपखल बसेल अशी पत्र्याची चौकट कापली आणि तिला आईच्या आवडीचा फिरोजी रंग दिला. गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी तिनं एवढा जीव कधी ओतला नव्हता.

मग दोघं चक्कर मारायला निघाली. म्हातारा हरखून गेला होता.

"पंचवीस!" ते मोठ्यानं वाचू लागले. "तीस! अगं, लख्ख दिसतंय की! बत्तीस!"

ओर्लिंडा त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत राहिली. तिनं समोर पाहिलं तेव्हा शेजारची प्रुडेन्सिया ढकलगाडीत लाकडं घेऊन रस्त्याच्या मधोमध आली होती. म्हातारा अजून आकडेच वाचत होता.

"बाबा, थांबा!"

तिनं स्टिअरिंग खसकन ओढलं. पिकअप पाटाच्या बांधावर चढून बंद पडला. लाकडं रस्ताभर पांगली.

"सेलेडोनियो, डोळे गहाण टाकलेस की काय रे!" प्रुडेन्सिया ओरडली.

"कुठून आली ही?" त्यांनी ओर्लिंडाला विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मग कळलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"मधलं सगळं गेलंय, पोरी. कडेकडेचं तेवढं दिसतं. आकडे मी नजर तिरपी करून वाचत होतो."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर बसवला असतास?"

त्यांनीच किल्ली काढून तिच्या हातात दिली. "डबा मागे आहे," ते म्हणाले. "आज तू ने मला."

त्या दिवशी तिनं नेलं. पुढेही गॅरेज बंद ठेवून जमेल तसं नेत राहिली, पण रोज जमेना. म्हातारा दुपारी कोट घालून अंगणात बसायचा. ती आली नाही की कोट उतरवून ठेवायचा. एउफेलिया मधल्या दिवसांत ओठ मिटून बसायची. परिचारिकांनी गोडीनं, रागावून, सगळं करून पाहिलं. बाई वाळत गेली आणि ईस्टरच्या आधी, उपवासाच्या दिवसांत, गेली.

आईचे कपडे आणायला ओर्लिंडा एकटीच गेली. तिथली परिचारिका म्हणाली, "तुमचे वडील आले नाहीत की त्या दाराकडे बघत बसायच्या. तो माणूस कुठाय, म्हणून विचारायच्या."

हे सांगावं की नाही, यावर ओर्लिंडा वाटभर विचार करत राहिली. शेवटी सांगितलं.

सेलेडोनियो म्हणाले, "नाव घेतलं का?"

"नाही, बाबा."

"मग दुसराच कुणी असेल. तुझी आई देखणी होती."

ते हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. ओर्लिंडानं त्यांचं डोकं छातीशी धरलं, आणि म्हातारा लहान पोरासारखा हुंदके देत राहिला.