ओल्या वाळूचा रस्ता

“टायरात हवा किती ठेवायची, मेस्त्री?” कॅप्टनने विचारलं आणि टेबलाभोवतीची सगळी डोकी मेस्त्रीकडे वळली.

“अठरा. त्याच्या वर ठेवलीत तर चाक वाळू पोखरत खाली जाईल. आणि वाळूत ब्रेक मारायचा नाही. गाडीला आपणहून थांबू द्यायचं.”

“लिहून घ्या रे,” कॅप्टन म्हणाला. “हे पुस्तकात सापडायचं नाही.”

कॅप्टन कधी कशाचा कप्तान नव्हता. त्याचं फरश्यांचं दुकान होतं. चार मित्रांच्या चार गाड्या कुठेही निघाल्या की याची सगळ्यात पुढे, म्हणून ते नाव पडलं. मेस्त्री बावीस वर्षं या लोकांच्या गाड्या दुरुस्त करत आला होता, पण कॅप्टनचं घर त्याने पाहिलं होतं ते मागच्या शेडपुरतं. आज त्याला पुढच्या दाराने आत बोलावलं होतं. बसायला खुर्ची होती, पुढ्यात सरबताचा पेला होता. हात स्वच्छ असूनही त्याने ते दोनदा पँटला पुसले होते.

कॅप्टनचं बोट नकाशावरच्या किनाऱ्यावर थांबलं.

“हा बंद आहे ना?” चौघांतल्या डेंटिस्टने विचारलं. “पक्षी अंडी घालतात म्हणून चार महिने गाड्यांना बंदी असते.”

“त्यातच तर मजा आहे. डांबरावर काय, कोणीही चालवतं. काय मेस्त्री, तुमचं कोणीतरी तिकडे आहे ना?”

मेस्त्रीचे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा, त्याच किनाऱ्यावर पहारेकरी होते. इंजिनात डोकं घालून काम करताना हे त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. ‘त्या भानगडीत पडू नका,’ एवढं म्हणायला या घटकेलाही काही अडचण नव्हती. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं दिसत नाही.

“मागच्या अंगाला एक फाटक आहे,” तो म्हणाला. “कुलूप असतं. पण कुलपाला हात कशाला लावायचा? बिजागरीच्या खिळी उपसल्या की फाटक अलगद निघतं. मीच वेल्ड करून दिलंय.”

हशा पिकला. डेंटिस्टने त्याच्या पाठीवर थाप मारली. “याला म्हणतात आपला माणूस!”

त्या थापेची ऊब घरी पोचेपर्यंत टिकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ताईला फोन लावला. दहा महिन्यांनी.

“बारक्या!” ताई इतक्या मोठ्याने म्हणाली की त्याने फोन कानापासून लांब धरला. पन्नाशीला टेकला तरी तिच्या लेखी तो बारक्याच होता. “अरे, आज वाट कशी चुकलास? बरा आहेस ना?”

“बरा आहे गं. सहजच केला. दाजी काय म्हणतात?”

“काय म्हणणार! माणसांपेक्षा पाखरांची काळजी जास्त. सकाळ-संध्याकाळ घरटी मोजत हिंडतात.”

“रविवारीपण?”

“या रविवारी मला डोळे दाखवायला शहरात नेणार आहेत. सकाळीच निघू. का रे, येतोयस का?”

“नाही, नाही. असंच विचारलं.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ हातातल्या पान्याकडे बघत बसला. मग त्याने कागदावर लिहून काढलं: ओहोटी नऊ वाजता. साडेआठला फाटक. फक्त ओल्या वाळूतून जायचं. दोरीच्या वर कोणीही जायचं नाही. शेवटच्या ओळीखाली त्याने दोन रेघा ओढल्या; दाजींनी बांधलेल्या त्या दोरीच्या वर, कोरड्या वाळूत घरटी होती. ओल्या वाळूवरचे माग भरतीला पुसले जातात. दाजींना कळणारही नाही. कोणाचं काय बिघडणार होतं?

रविवारी फाटक अलगद निघालं. ते बाजूला टेकवून ठेवताना त्याला स्वतःच्या वेल्डिंगची रेघ दिसली, सरळ आणि सफाईदार. फाटक बसवलं त्या दिवशी दाजींनी ते गावातल्या चौघांना बोलावून दाखवलं होतं. “आमच्या मेव्हण्याच्या हातचं काम आहे,” म्हणाले होते.

पहिला अर्धा तास सगळं कागदाबरहुकूम झालं. वाळू पाटासारखी घट्ट होती, चार गाड्या एकामागे एक धावत होत्या, आणि कॅप्टनच्या शेजारच्या सीटवर मेस्त्री बसला होता. मग कॅप्टनला व्हिडिओसाठी गाडी उतारावरून खाली येताना हवी झाली.

“साहेब, दोरीच्या वर नको. आपलं ठरलंय तसं.”

“दोन मिनिटं हो, मेस्त्री. कोण बघतंय?”

गाडी वर चढली. बॉनेटपुढून एक चिमुकला पक्षी पंख फरफटत पळायला लागला.

“अरे, लंगडा आहे!” कॅप्टन हसत म्हणाला.

तो लंगडा नव्हता. घरट्याजवळ कोणी आलं की ही पाखरं मोडक्या पंखाचं सोंग करून शत्रूला लांब नेतात, हे दाजींनीच मेस्त्रीला कधीतरी दाखवलं होतं. “थांबवा!” तो ओरडला. कॅप्टनने ब्रेक मारला, आणि गाडी दोरीच्या आत रुतून बसली.

मेस्त्री गाडीखाली आडवा झाला आणि फावड्याने वाळू ओढायला लागला. फावडं अडलं तिथे त्याने हात घातला. बोटांना काहीतरी चिकट लागलं. वाळूच्याच रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं कवच होतं, आणि त्यात जे होतं त्याला पंख फुटायला आले होते. त्याने मूठ मिटली. उघडायचा धीर होईना.

तेवढ्यात चाकापाशी दोन बूट येऊन थांबले. एका बुटाला डाव्या बाजूने ठिगळ होतं. ते कोणाचं, हे त्याला वर न बघताच कळलं.

“परवानगी आहे आमच्याकडे,” कॅप्टनचा आवाज आला. “म्हणजे आमच्या मेकॅनिकने तसं सांगितलं. त्यालाच विचारा.”

मेस्त्री सरपटत बाहेर आला. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. ओरडले असते, कानफटात मारली असती, तर सोपं गेलं असतं. त्यांनी खिशातून वही काढली, चारही गाड्यांचे नंबर लिहिले, मालकांची नावं विचारून लिहिली. मग ते त्याच्यासमोर आले.

“तुमचं नाव?”

तीस वर्षांत दाजींनी त्याला पहिल्यांदा ‘तुमचं’ म्हटलं होतं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं. पुढे वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव दाजींनी न विचारताच लिहिलं.

“फाटक कोणी काढलं?”

“मी,” मेस्त्री म्हणाला. “परवानगी नव्हती. यांनाही ते माहीत होतं. पण रस्ता मी दाखवला. ओहोटीची वेळही मीच काढली.”

कॅप्टनने मान फिरवली.

रुतलेली गाडी बाकीच्यांनी खालून ओढून काढली आणि चारही गाड्या निघून गेल्या. मेस्त्रीला कोणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी तो गेला नसता. दाजी वाकून तुटलेल्या दोरीला गाठ मारत होते.

“तुम्ही आज शहरात जाणार होतात ना?” मेस्त्रीने विचारलं.

“तिनेच नको म्हटलं.” दाजींनी मान वर केली नाही. “तू रविवारचं विचारलंस, म्हणजे तू येणार, असं तिने धरलं. म्हणाली, डोळे काय पुढच्या महिन्यात दाखवू, बारक्या कधीतरी येतो. पहाटेपासून स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी आहे.”

“तिला सांगणार?” मेस्त्रीने विचारलं.

“मी कशाला सांगू? तुझी जीभ आहे की.” दाजींनी गाठ आवळली. “आणि चाकांचे हे चर असेच ठेवलेस तर पिल्लं त्यात उतरतात. त्यांना वर चढता येत नाही. बसल्या जागी वाळून जातात.”

एवढं बोलून ते पुढची घरटी मोजायला निघून गेले.

मेस्त्रीने फावडं उचललं, मग खाली ठेवलं. फावड्याने काम होण्यासारखं नव्हतं. न जाणो, वाळूत आणखी काही असेल. तो गुडघ्यांवर बसला आणि तळहातांनी चाकांचे माग बुजवायला लागला, वीत-वीत सरकत. ऊन चढलं. गुडघे सोलवटले. ताईच्या घराचं छप्पर तिथून दिसत होतं. तिच्यापुढे उभं राहून काय बोलायचं, ते वाक्य तो मनाशी जुळवत होता आणि दर वेळी ते पहिल्याच शब्दाला मोडत होतं.

खाली भरती लागली होती. ओल्या वाळूवरचे माग पाणी एकेक करून पुसून नेत होतं. वरच्या कोरड्या वाळूपर्यंत ते पोचणार नव्हतं. तिथले अजून बरेच बाकी होते.