ठकी आणि चेपलेला डबा

थोरल्या जावेचा धाकटीवर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. दोघी एकाच घरात लग्न होऊन आल्या, एकाच प्राणी-बचाव केंद्रात कामाला लागल्या, तरी थोरली तिच्याकडे संशयाने बघायची ती बघायचीच. त्यात आता ठकीची भर पडली.

ठकी म्हणजे खवले मांजर. शिकाऱ्यांच्या पोत्यातून सोडवून आणली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. थोरलीने तिला बाटलीने दूध पाजून, कुशीत निजवून वाढवलं. ठकीला दात नावालाही नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. सगळा कारभार नाकावर आणि लांबलचक जिभेवर. थोरलीचा वास आला की ती मागच्या पायांवर दुडूदुडू धावत यायची. पोटची मुलं कधी अशी धावत आली नाहीत, हे थोरली येईल-जाईल त्याला ऐकवायची.

आता ठकीला जंगलात सोडायचं होतं. मुंग्या, वाळवी स्वतः शोधून खायची सवय लागावी म्हणून रोज संध्याकाळी तिला कुंपणापलीकडच्या रानात फिरवायचं काम केंद्राच्या डॉक्टरबाईंनी धाकटीला दिलं. इथेच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

ठकी परत यायची ती धाकटीच्या हातात, अंगाचा चेंडू करून, थरथरत. "वारा लागला असेल," धाकटी म्हणायची. मग खुंटीवरचा थोरलीचा कामाचा कोट गायब झाला. धाकटीच्या पिशवीत चेपलेला पत्र्याचा डबा दिसला आणि डब्याखाली एक गळलेला खवला. खवल्यांना गिऱ्हाईक असतं, हे केंद्रात सगळ्यांनाच माहीत. कोट आपला, म्हणजे पकडली गेली तर नाव आपलं येणार. हिला रंगेहाथ धरायचंच, थोरलीने ठरवलं.

त्या संध्याकाळी ती दोघींच्या मागोमाग गेली. झुडपाआडून पाहते तर धाकटी तिचाच कोट घालून उभी, आणि वारूळ उकरणाऱ्या ठकीच्या कानाशी डबा बडवतेय. ठकीने नाक पोटात खुपसलं आणि शेपूट वरून गुंडाळून घेतलं.

"हे धंदे चालतात होय तुझे?" थोरली बाहेर आली. "खवले विकतेस का गं?"

धाकटीने डबा खाली ठेवला. "खवला तिचा तिनेच दगडाला घासून पाडलाय. डॉक्टरबाईंना दाखवायचाय. आणि डबा त्यांनीच वाजवायला सांगितलाय. माणसाचा वास आला की हिने चेंडू व्हायला हवं, जाऊबाई. ही उलट धावत जाते. उद्या पोतंवाल्याकडेही अशीच जाईल."

"मग माझा कोट कशाला?"

"तुमच्या वासालाही भ्यावी म्हणून. पण कोटाला आता माझाच वास लागलाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वाजवू दिला असता?"

थोरली बोलायच्या आत चेंडू उलगडला. नाक हवेत गेलं, आणि ठकी दुडूदुडू येऊन थोरलीच्या पावलांवर चढली. थोरली सुखावली, आणि मग त्या सुखाचीच तिला धास्ती वाटली.

धाकटीने डबा पुढे केला. ही आपल्यात नि ठकीत बिब्बा घालायलाच टपलीय की काय, म्हणून थोरलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. धाकटीचे डोळे भरून आले होते.

थोरलीने डबा घेतला आणि हात दुखेपर्यंत ठकीजवळ बडवला. ठकी गोल झाली. थोरलीने सवयीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तसा चेंडू आणखी घट्ट झाला.