अजून समुद्रावरच

"आता कुठवर आला गं?" आजींनी डोळे न उघडताच विचारलं.

"समुद्रावर आहेत दादा. खाली नुसतं पाणीच पाणी. तोंड उघडा बघू."

आजींनी तोंड उघडलं, दुधाचा चमचा आत गेला आणि मावशीचा जीव भांड्यात पडला. आठवडाभर त्या कशालाच तोंड लावत नव्हत्या. काल मुलाचा परदेशातून फोन आला, पहाटे विमानात बसतोय, चौदा तास लागतात, संध्याकाळी तुझ्यासमोर हजर. आणि बाईंना एकदम भूक लागली!

मावशी काही नात्यातली नव्हे. आजारी माणसांची उठबस करायला ती घरोघरी राहायची, आणि जाईल त्या घरात मावशीच व्हायची. लोकांची माणसं उचलून उचलून तिच्या कंबरेचे पार बारा वाजले होते. इथं तर पंधरवडाभर ती खुर्चीतच झोपत होती. तरी सकाळी अंगात नसलेलं बळ आणून तिनं शेजारच्या पलंगावर धुतलेली चादर घातली, उशीला नवा अभ्रा चढवला. मुलगा येणार म्हणजे काय थट्टा आहे?

दुपारी स्वयंपाकघरात फोन वाजला.

"मावशी, मी निघालोच नाही. ऐन वेळी काम आलं. आईला इतक्यात सांगू नका. पुढच्या महिन्यात बघतो."

"अहो दादा, पुढचा महिना कुणी पाहिलाय? तुमच्या नावावर दोन घास जातायत त्यांच्या पोटात!"

"प्लीज, सांभाळून घ्या." फोन बंद.

सांभाळून घ्या म्हणे! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढणार कुणावर? तिनं डोळे पुसले, दूध कोमट केलं आणि आत आली.

"आता कुठवर?"

"डोंगर लागलेत. बर्फाचे. खिडकीतून बघत असतील."

आजींनी अर्धी वाटी दूध घेतलं. खोटं बोलल्याचं मावशीला काही वाटलं नाही. दुपारभर ती ते विमान हाकत राहिली. दिवस कलला तशी मात्र तिची पंचाईत झाली. विमान उतरवायचं, तर दारात माणूस कुठून आणायचा?

"पोचायला हवा होता ना गं?"

"वारा उलटा आहे, आजी. खाली जागाही मोकळी नाही म्हणे. वरच घिरट्या घालतंय." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला.

आजींनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं.

"उतरव बाई आता त्याला. तुझ्या आधीची बाई होती ना, तिनं तर मागच्या वेळी दोन दिवस वर ठेवला होता."

मावशीनं वाटी खाली ठेवली.

"तिकडं घरीच आहे ना तो? ठणठणीत आहे ना?"

"हो."

"मग झालं तर." आजींनी पांघरूण वर ओढलं. "वाईट वाटतं गं. फार वाटतं. पण तू सांगत होतीस तोवर येत होता बघ तो."

मावशी चमचा पुसत बसली.

"चादर घातलीच आहेस, तर पड त्या पलंगावर. तुझी कंबर मला दिसत नाही होय?"

"अहो, पण दादांच्या पलंगावर मी..."

"पड म्हणते ना!"

मावशी बिचकत टेकली. नव्या अभ्र्यावर डोकं ठेवलं मात्र, तिचा डोळा लागला. थोड्या वेळानं ती घोरायला लागली. आजींनी हात लांबवून उशाजवळचा दिवा मालवला, आणि शेजारच्या पलंगावर कुणीतरी झोपल्याचा आवाज ऐकत त्या पडून राहिल्या.