बोर्डापुढे

"दाढी कशाला केलीस त्यांची?" सिस्टरने बाकावर बसता बसता विचारलं. "आणि हा शर्ट! अगं, लग्नाला निघालीस की बोर्डापुढे?"

तिने नवऱ्याची कॉलर पुन्हा एकदा सारखी केली. तो शेजारी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. शर्ट पांढराशुभ्र, कॉलर ताठ, बाहीवर इस्त्रीची रेघ. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पाहुणे बघायला आले आहेत.

सिस्टर शेजारच्या घरातली. सगळा जन्म नर्सची नोकरी केलेली, त्यामुळे असली मेडिकल बोर्डं तिला पाठ होती. तिने बजावून सांगितलं होतं, "जसे आहेत तसे घेऊन ये. दाढी वाढू दे, शर्टाला डाग असला तर असू दे. बघणाऱ्याला दिसलं पाहिजे ना!" हिला ते पटलंही होतं. पण हात ऐकेनात. रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. दुसऱ्याच्या पलंगावरची चादर चुरगळलेली दिसली तरी जिचा हात शिवशिवायचा, तिने चारचौघांत नवरा चुरगळलेला न्यायचा तरी कसा?

नवरा सैन्यात ट्रक चालवायचा. गल्लीत त्याला सगळे कॅप्टन म्हणत, आणि आपण ड्रायव्हर होतो हे त्यानेही कोणाला फारसं आग्रहाने सांगितलं नव्हतं. घाटात ट्रक उलटला तेव्हा डोक्याला मार बसला. त्यातून तो उठला, घरी आला, बरीच वर्षं बरा राहिला. मग म्हातारपणाने तो जुना मार उकरून काढला. आता त्याला उठवायचं, बसवायचं, धुवायचं, भरवायचं, सगळं तिच्याच हातून.

त्यात तिचं अंग बाहेर यायला लागलं होतं. त्याला उचलून उचलूनच ते झालं, असं डॉक्टर म्हणाल्या. गर्भाशयाचं ऑपरेशन करा, आणि नंतर काही महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. "मग ह्यांना कोण उचलणार?" तिने विचारलं. त्यावर सगळे म्हणतात तेच डॉक्टर म्हणाल्या, घरात दुसरं कोणी नाही का? नव्हतं. मूलबाळ झालं नाही, आणि दीर होता तोही गेला. माजी सैनिकाला एकट्याने जमत नसेल तर सरकार घरी मदतनीस पाठवतं, हे सिस्टरनेच शोधून काढलं. बोर्डाने होय म्हटलं तर ऑपरेशन, नाही म्हटलं तर आहे ते आहे.

तिला भीती वाटत नव्हती. खरं तर आशाही वाटत नव्हती. आताशा तिला काहीच वाटत नसे. मुंग्या आलेल्या पायावर उभं राहून काम उरकावं, तसे ती दिवस उरकत होती.

शिपायाने हाक मारली. ती नवऱ्याला दोन्ही हातांनी धरून आत घेऊन गेली. टेबलापलीकडे डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी वर्दीतले एक साहेब.

वर्दी दिसली मात्र, नवऱ्याने तिचा हात सोडला. टाचेला टाच लागली. छाती पुढे, हनुवटी वर, मुठी मांडीला चिकटलेल्या. ती बघतच राहिली.

"कपडे स्वतः घालता का काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"होय साहेब!"

"जेवता हाताने?"

"होय साहेब!"

"रात्री कोणाला उठवावं लागतं का?"

"नाही साहेब!"

आवाज खणखणीत. सकाळी त्याच पायांत पँट चढवताना तिला घाम फुटला होता. तो खोटं बोलत नव्हता. वर्दीपुढे द्यायची तेवढीच उत्तरं त्याच्याजवळ शिल्लक होती.

"काकू, तुम्ही तर अर्जात म्हणता ह्यांना काहीच जमत नाही."

आता तिने बोलायचं होतं. सिस्टरने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. अंथरूण ओलं होतं ते सांग, परवा दार उघडून गेले आणि परक्याच्या गाडीचे टायर तपासत बसले ते सांग. पण ते त्याच्यासमोर सांगायचं होतं. आणि तो असा ताठ उभा होता, कित्येक वर्षांत राहिला नव्हता तसा.

"करतात हो थोडंफार," ती म्हणाली. स्वतःचाच राग आला तिला, पण तोही अर्धामुर्धा.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. काम संपलं होतं. साहेब मात्र भला माणूस असावा. पलटणीत सगळ्यात शेवटी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "काही अर्ज? काही तक्रार?" त्यावर 'नाही साहेब' म्हणायचं आणि निघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

"एक आहे साहेब," नवरा म्हणाला.

"बोला."

"ही बाई. हिला सुट्टीच मिळत नाही. दिवसाची ड्युटी हिची, रात्रीची पण हिचीच. थकलीये साहेब. हिला घरी पाठवा."

साहेब हसणार होते, ते हसले नाहीत. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, ही कोण आहे?"

त्याने मान हलवली नाही, फक्त डोळे वळवले. बराच वेळ तिच्याकडे बघितलं.

"नाव माहीत नाही साहेब. पण कामाला चोख आहे."

लग्न झाल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारलीच नव्हती. तो 'अगं' म्हणायचा, ती 'अहो' म्हणायची, आणि त्यात संसार झाला. कालसुद्धा तो 'अगं, पाणी' म्हणाला होता. पण 'अगं' कोणालाही म्हणता येतं. ती त्याच्या डोक्यातून केव्हा गेली, हे तिला कळायला मार्गच नव्हता. तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. कामाला चोख आहे, हेही तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता.

डॉक्टरीणबाईंनी टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. "मदतनीस मिळेल काकू. पुढच्या आठवड्यापासून येईल. आता तुमच्या तब्येतीकडे बघा."

"बरं," ती म्हणाली. आभार मानायला हवे होते, पण तिच्या तोंडून तेवढंच निघालं.

शिपायाने पुढच्या माणसाला आत घेतलं. साहेब दुसऱ्या कागदांत वाकले. नवरा मात्र होता तिथेच, तसाच ताठ.

"अहो, चला," ती म्हणाली. तो हलेना. तिने कोपर ओढलं, तर हात लाकडासारखा. त्याचे गुडघे थरथरायला लागले होते, कपाळावर घाम आला होता, तरी हनुवटी खाली येत नव्हती. त्याला कोणी मोकळं केलंच नव्हतं.

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पदर सारखा केला.

"विश्राम," ती म्हणाली.

त्याचा पाय बाजूला झाला, मुठी सुटल्या आणि सगळा भार तिच्या खांद्यावर आला.

"होय साहेब," तो तिला म्हणाला.